मिजेट पाणबुड्या: घोडं नेमकं कुठे पेंड खातं?

खाडीकाठ

शत्रूच्या किनाऱ्याजवळ गुपचूप जायचं, दोन-चार डायव्हर सोडायचे, एखाद्या जहाजाखाली स्फोटकं ठेवायची किंवा नुसता किनाऱ्याचा उतार मोजून परत यायचं, अशा कामांसाठी बांधलेल्या छोट्या पाणबुड्यांबद्दल विचारायचं आहे. ढोबळमानाने १५ ते ३० मीटर लांब, ३० ते १२० टनांच्या.

कागदावर सगळं त्यांच्या बाजूने दिसतं. उथळ पाण्यात बुडून चालतात, आवाज कमी, सोनारला (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून पाण्याखालचं शोधणाऱ्या यंत्राला) एवढ्याशा दिसतात, खर्च मोठ्या पाणबुडीच्या मानाने किरकोळ. तरीही मोठ्या नौदलांनी त्या बांधल्या, वापरल्या आणि गुंडाळून ठेवल्या. उत्तर कोरिया आणि इराण यांनी मात्र घट्ट धरून ठेवल्या आहेत. कारण विचारलं की "बॅटरी पुरत नाही" यापुढे उत्तर जात नाही. तेवढंच आहे का? पल्ला प्रत्यक्षात किती मिळतो, डायव्हर बाहेर सोडताना एवढ्याशा बोटीचा तोल कसा राहतो, आणि या बोटी पकडल्या जातात त्या कशामुळे? एका बोटीचं आडवा छेद दाखवणारं चित्र काढतो आहे, त्यामुळे आकडे असतील तर आकड्यांसकट लिहा.

विजेरी

बॅटरी हे कारण आहेच, पण लोक समजतात त्या अर्थाने नाही. गणित करून बघा.

समजा ३० टनांची बोट, त्यात ५ टन शिसे-आम्ल बॅटरी. किलोमागे ३० वॅट-तास धरले तर १५० युनिट. बॅटरी पार तळापर्यंत उतरवत नाहीत, म्हणून हाताशी १२०. दुसऱ्या महायुद्धातल्या एक्स-क्राफ्ट या ब्रिटिश मिजेट पाणबुडीची मोटर ३० अश्वशक्तीची होती, म्हणजे साधारण २२ किलोवॅट, आणि तिच्यावर पाण्याखाली साडेपाच नॉट (तासाला सागरी मैल) मिळत. हेच आकडे घेतले तर पूर्ण वेगाने बोट पाच तासांत रिकामी होते. पल्ला २८ सागरी मैल.

वेग निम्मा केला की बोट ढकलणाऱ्या पंख्याला लागणारी शक्ती आठव्या हिश्श्यावर येते. त्या हिशेबाने पल्ला चौपट व्हायला हवा, पण होत नाही, कारण जायरो (दिशा दाखवणारं यंत्र), पंप, दिवे आणि हवा शुद्ध करणारा पंखा यांचा दीडेक किलोवॅट खर्च बोट उभी असली तरी चालूच असतो. पावणेतीन नॉटला २.८ अधिक १.५, म्हणजे ४.३ किलोवॅट, २८ तास, ७७ मैल. दोन नॉटला ९४ मैल. दीड नॉटला? ९२. म्हणजे दोन नॉटच्या खाली उतरून काही हाती लागत नाही, फक्त माणसं जास्त वेळ कोंडून राहतात.

आता या दोन नॉटसमोर दीड नॉटची ओहोटी उभी करा. तासाला अर्धा मैल! म्हणून अशा बोटीची मोहीम भरतीच्या कोष्टकावर आखावी लागते: भरतीबरोबर आत शिरायचं, प्रवाह उलटला की मोटर बंद करून तळावर बसून राहायचं, आणि परतीला ओहोटी पकडायची. हे जमलं नाही तर वरचे सगळे आकडे फुकट.

शिवाय बॅटरी भरायची कशाने? जपानच्या को-ह्योतेकी बोटींत ६०० अश्वशक्तीची मोटर होती, पाण्याखाली १९ नॉट. आकडा ऐकायला झकास, पण त्या वेगाने तासभरही जात नसे, आणि सुरुवातीच्या बोटींत जनरेटरच नव्हता. एकदा मूळ पाणबुडीवरून सुटली की जेवढी भरली तेवढीच. युगोस्लाव्हियाच्या उना वर्गातही इंजिन नव्हतं, चार्जिंग बंदरात किंवा दुसऱ्या जहाजावरून. त्यातली एक पुढे क्रोएशियाकडे आली तेव्हा त्यांनी तिच्यात डिझेल जनरेटर बसवून घेतला, यातच काय ते आलं.

बॅटरीला पर्याय शोधणाऱ्यांचेही हात पोळले आहेत. अमेरिकेच्या एक्स-१ या बोटीत (१९५५) हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालणारं इंजिन होतं. १९५७ मध्ये त्या पेरॉक्साइडचाच स्फोट होऊन पुढचा भाग तुटला. नंतरच्या एएसडीएस या ६५ फुटी बोटीत लिथियम-आयन बॅटऱ्या आल्या. नोव्हेंबर २००८ मध्ये पर्ल हार्बरला चार्जिंग चालू असताना आग लागली आणि २००९ मध्ये प्रकल्पच थांबला. सहा बोटी बांधायचं ठरलं होतं, बांधली गेली एकच. लिथियमची क्षमता शिशाच्या चार-पाच पट आहे हे खरं; पण बंद डब्यात एक सेल पेटला की शेजारचा पेटतो, आणि पळायला जागा नसते.

समतोल

विजेरी यांच्या गणिताशी सहमत, पण बॅटरी संपण्याआधी बोट ज्याने जेरीस येते ते म्हणजे ट्रिम, पाण्याखाली ना वर ना खाली अशी स्थिर राहण्याची जुळणी.

७५ किलोचा माणूस ३ मीटर पुढे सरकला असं धरा. बोट ३० टनांची, गुरुत्वमध्य आणि उत्प्लावनमध्य (पाण्याचा वर ढकलणारा जोर जिथे लागतो तो बिंदू) यांत १५ सेंटिमीटर अंतर. बोटीचं नाक जवळपास ३ अंशांनी खाली जातं. १,६०० टनांच्या पाणबुडीत याच माणसाच्या चालण्याने अंशाचा विसावा-चाळिसावा भाग फरक पडेल, कुणाला कळणारही नाही. छोट्या बोटीत मात्र कुणी जागा बदलणार असेल तर आधी सांगायचं आणि सुकाणू व पंपावरच्या माणसाने तयारीत राहायचं, अशी शिस्तच लागते.

दुसरं म्हणजे पाण्याची घनता. समुद्राचं पाणी घनमीटरला १,०२५ किलो. नदीच्या मुखाशी किंवा बर्फ वितळून आलेल्या पाण्यात ते १,०१५ झालं, तर ३० टनांची बोट एका क्षणात सुमारे २९० किलोंनी जड होते. टक्केवारी मोठ्या पाणबुडीतही तीच, पण तिथे टाक्या मोठ्या, पंप दमदार, आणि १५ मीटर पाण्यात तुमचं काम नसतं. इथे तळ दहा मीटरवर आहे, वर पहारेकरी आहेत, आणि पंप लावला की आवाज होतो. नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये (डोंगरांत खोल शिरलेल्या खाड्यांत) वर गोडं पाणी आणि खाली खारं असे थर असतात. अशा थराच्या सीमेवर बोट गादीवर टेकल्यासारखी थांबते. सावध चालक याचा फायदाही घेतो, मोटर बंद करून तिथेच तरंगत राहतो. पण वर यायचं असेल आणि अंदाज चुकला, तर एकदम तोंड बाहेर.

टॉर्पेडो सोडल्यावरही हेच होतं. को-ह्योतेकीच्या नाकात ४५० मिलिमीटरच्या दोन टॉर्पेडो, प्रत्येक टनाच्या आसपास, आणि बोट अवघी ४६ टनांची. एक गेली की नाक हलकं होऊन वर उसळायचं. नेमकं त्याच क्षणी शत्रूचं लक्ष त्या दिशेला असतं.

डायव्हर बाहेर सोडण्याचं तंत्र याच कारणाने गुंतागुंतीचं आहे. ज्या कोठडीतून तो बाहेर जातो तिचं घनफळ एक घनमीटर धरलं तरी ती भरायला टनभर पाणी लागतं. ते समुद्रातून घेतलं तर बोट एका टनाने जड होऊन तळाला जाईल. म्हणून एक्स-क्राफ्टमध्ये ही कोठडी बोटीच्या आतल्याच टाकीतल्या पाण्याने भरत. पाणी टाकीतून कोठडीत, कोठडीतली हवा परत टाकीत. एकूण वजन तेवढंच. मग समुद्राकडचा बारीक व्हॉल्व्ह उघडून दाब सारखा करायचा आणि त्यानंतरच झाकणाला हात लावायचा. घाई करून उपयोग नसतो: ६० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर दाबाचा फरक एक दशांश बार उरला असला तरी २९० किलोंचा भार असतो. दहा मीटरवर काहीच न करता उघडायला गेलात तर जवळजवळ तीन टन.

भरण्याआधी डायव्हरने श्वसनयंत्र लावून पाहायचं, ऑक्सिजनचा झडप उघडा आहे ना ते हाताने चाचपायचं. भरत असताना पाणी छातीपर्यंत आल्यावर काही बिघडलं तर उलटा पंप मारायला दोन-तीन मिनिटं जातात, आणि त्या अंधाऱ्या पिंपात ती फार मोठी असतात.

हेलकावा

दोन्ही प्रतिसाद उत्तम, पण दोघांनीही बोट कामाच्या जागी पोहोचली आहे असं गृहीत धरलंय. मोहिमा बुडतात त्या बहुतेक वाटेतच.

सप्टेंबर १९४३ ची, टिर्पिट्झ या जर्मन युद्धनौकेवरची मोहीम घ्या. सहा एक्स-क्राफ्ट, एक्स-५ ते एक्स-१०, प्रत्येकीला एक मोठी पाणबुडी ओढत नेत होती. ओढण्याच्या प्रवासासाठी वेगळी माणसं आणि हल्ल्यासाठी वेगळी, कारण आठवडाभर त्या डब्यात काढलेला माणूस हल्ल्याच्या लायकीचा राहत नाही. ओढली जाणारी बोट पाण्याखाली सरळ चालत नाही, वर-खाली हेलकावते. दर सहा तासांनी वर येऊन पंधरा मिनिटं हवा बदलायची. आणि दोर! काहींना नायलॉनचे, काहींना मनिलाचे (नैसर्गिक धाग्याचे). मनिलाचे तुटले. एक्स-९ अशीच तिच्या माणसांसकट गेली. पाणी पिऊन जड झालेला दोर नाकाला लटकून तिला खाली घेऊन गेला असावा, असं मानलं जातं. एक्स-८ च्या दोन्ही बाजूंना स्फोटकं (बोटीच्या अंगाला चंद्रकोरीसारखी बसवलेली, प्रत्येकी सुमारे २ टन) लावली होती, त्यांच्या हवेच्या कप्प्यांत पाणी शिरलं, बोट कलली, दोन्ही सोडून द्यावी लागली. दुसरीच्या स्फोटाने बोट इतकी खिळखिळी झाली की बुडवावी लागली. म्हणजे फ्योर्डच्या तोंडाशी पोहोचेपर्यंतच सहाच्या चार.

त्यातल्या एक्स-६ च्या पेरिस्कोपमध्ये पाणी, एक्स-१० च्या यंत्रणाच बंद पडून ती हल्ला न करता परतली, एक्स-५ बेपत्ता. उरलेल्या दोघींनी, एक्स-६ (कप्तान कॅमेरॉन) आणि एक्स-७ (कप्तान प्लेस), २२ सप्टेंबरला स्फोटकं टिर्पिट्झखाली ठेवली आणि ते जहाज एप्रिल १९४४ च्या सुमारापर्यंत कामातून गेलं. म्हणून मोहीम यशस्वीच. पण जाळी पंधरा मीटरपर्यंतच खोल आहेत असं समजून गेले, ती निघाली तळापर्यंत. एक्स-७ त्यात अडकून बसली होती.

मोठ्या नौदलांनी या बोटी का सोडल्या याचं माझ्या मते हेच उत्तर. त्यांचं लक्ष्य हजार मैलांवर असतं, म्हणून ओढायला मोठी पाणबुडी अडकवून ठेवावी लागते, आणि मग "स्वस्त" हा शब्द उरत नाही. उत्तर कोरिया किंवा इराणचं लक्ष्य अंगणासमोर आहे. इराणचं आखात सरासरी ३५ मीटरच खोल. १२० टनांची गदीर ही इराणी मिजेट तिथे बंदरातून निघून स्वतःच्या डिझेलवर हव्या त्या जागी पोहोचते आणि तळाला बसते. भूगोल बोट ठरवतो.

खाडीकाठ

सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा बरंच मिळालं. हवेचं काय? चार माणसं एवढ्या जागेत किती तास काढतात?

फुंकर

मोकळी हवा १० घनमीटर धरा (यंत्रं वजा करून एवढीच उरते). एक माणूस हलकं काम करताना तासाला साधारण २२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. चौघांचे ८८, म्हणजे तासाला ०.९ टक्के वाढ. साडेतीन तासांत ३ टक्के: डोकं ठणकतं, धाप लागते. ५ टक्क्यांपुढे माणूस वाचून दाखवलेला आकडाही चुकीचा लिहितो. लक्षात घ्या, ऑक्सिजन तेव्हाही पुरेसा असतो. आधी मारतो तो कार्बन डायऑक्साइडच, त्यामुळे नुसता सिलिंडर उघडून भागत नाही.

सोडा लाइम (कार्बन डायऑक्साइड शोषणारे चुन्याचे दाणे) किलोमागे व्यवहारात १०० ते १५० लिटर शोषतो. चौघांना दिवसाला १५ ते २० किलो. थंडीत त्याचं काम मंदावतं आणि पाण्याखालच्या बोटीत थंडी असतेच, म्हणून वाढीव साठा घ्यावा लागतो. ट्रेमध्ये तो दाबून भरला तर हवा आरपार जात नाही, सैल भरला तर एका कडेने वाट काढून निसटते. बोट हेलकावली की थर एका बाजूला सरकतो आणि हेच होतं.

बॅटरीचे दोन धोके वेगळे. चार्जिंगच्या शेवटी हायड्रोजन निघतो, हवेत ४ टक्के झाला की ठिणगी पुरते. आणि समुद्राचं पाणी सेलमध्ये गेलं की क्लोरिन.

जर्मनांची बिबर ही एकट्या माणसाची बोट तर हवेच्या बाबतीत निव्वळ सापळा होती, कारण तिला ट्रकचं पेट्रोल इंजिन बसवलं होतं. पेट्रोलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर, वास नाही. बिबर क्रमांक ९० ही डिसेंबर १९४४ मध्ये डोव्हरच्या ईशान्येला समुद्रात सापडली तेव्हा चालक आत मेलेला होता, कारण हेच. ती बोट ब्रिटनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात आहे. त्यांच्याच झेहुंडमध्ये डिझेल होतं, माणसं दोन, आणि ती कितीतरी बरी निघाली.

टेहळणी

पकडल्या जाण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून. सोनारने त्या फार कमी वेळा सापडतात. उथळ पाण्यात ध्वनी तळावर आणि पृष्ठभागावर आपटून परत येतो, वरून मासेमारीच्या बोटींचा गोंगाट, आणि १५ मीटरची बोट व तळावरचा खडक यांचा प्रतिध्वनी सारखाच. घात होतो तो जाळी, खडक आणि साध्या नजरेने.

सिडनी, ३१ मे १९४२. बंदराच्या तोंडाशी तळावर केबलचं वेटोळं अंथरलेलं होतं. वरून लोखंडी बोट गेली की त्यात सूक्ष्म प्रवाह निर्माण होतो आणि कागदावर रेघ उमटते. पहिल्या जपानी मिजेटची रेघ रात्री ८ वाजून १ मिनिटाला उमटली. कुणी लक्ष दिलं नाही, कारण फेरीबोटींच्या रेघा दिवसभर उमटतच होत्या. ती बोट पकडली ती जाळ्याने: पंखा अडकला, सुटता येईना, आतल्या दोघांनी बोट उडवून दिली. दुसरी आत घुसली, तिची टॉर्पेडो कुटाबुल या जहाजाखालून जाऊन धक्क्याच्या भिंतीवर आदळली आणि २१ खलाशी गेले.

१८ सप्टेंबर १९९६, दक्षिण कोरियात गांगनुंगजवळ उत्तर कोरियाची सांग-ओ वर्गातली बोट किनाऱ्याच्या खडकांवर चढली. २६ माणसं. ती पाहिली एका टॅक्सीचालकाने. जून १९९८ मध्ये सोकचोजवळ युगो वर्गातली बोट मासेमारीच्या जाळ्यात गुरफटली. ओढून नेताना बुडाली, वर काढली तेव्हा आत नऊ मृतदेह. ऑगस्ट २००५ मध्ये कामचाटकाजवळ रशियाची एएस-२८ ही बचावबोट जाळी आणि केबलमध्ये अडकली, ब्रिटिश रोबोटने ते दोर कापले तेव्हा सातही जण वाचले. ती लढाऊ बोट नव्हे, पण धडा तोच: पंखा उघडा असेल तर नायलॉनचं जाळं तुमच्या बॅटरीपेक्षा ताकदवान आहे. म्हणून पंख्याभोवती कडं, नाकापासून मनोऱ्यापर्यंत ताणलेली तार, आणि सुकाणूंच्या पुढे गुळगुळीत आवरण असतं. त्यानेही पूर्ण भागत नाही. जाळं वरून घसरतं आणि मागे येऊन नेमकं सुकाणूच्या बिजागरीत बसतं.

अवांतर: सोव्हिएत संघाने १९८० च्या दशकात पिरान्हा नावाच्या दोन बोटी टायटेनियमच्या बांधल्या. चुंबकीय सुरुंग आणि अशी केबल दोन्हींपासून बरीचशी सुटका. सुमारे २०० टन, ३ खलाशी, ६ डायव्हर. टायटेनियम जोडणं म्हणजे प्रत्येक सांध्याला निष्क्रिय वायूचं आच्छादन, आणि खर्चाचा डोंगर.

खाडीकाठ

शेवटचं. कोठडीची झाकणं कोणत्या दिशेला उघडतात? बाहेरचं बाहेर हे कळतंय, आतल्याबद्दल गोंधळ आहे.

समतोल

नियम एकच: जिकडे दाब जास्त, त्या बाजूला झाकण उघडायचं, म्हणजे दाबच ते घट्ट बसवतो. कोठडी कोरडी असताना समुद्राचा दाब जास्त, म्हणून बाहेरचं झाकण बाहेर. कोठडी भरलेली असताना तिचा दाब बोटीपेक्षा जास्त, म्हणून आतलं झाकण कोठडीच्या आत उघडतं. त्यामुळे झाकण फिरायला जागा सोडावी लागते आणि कोठडी दिसते त्याहून अरुंद होते. डायव्हर आत गुडघे पोटाशी घेऊन बसतो ते यामुळे.

बाहेर उघडणाऱ्या झाकणाची अडचण ३१ जुलै १९४५ ला जोहोरच्या सामुद्रधुनीत दिसली. एक्सई-३ जपानी क्रूझर ताकाओच्या पोटाखाली शिरली. वरच जहाजाचा तळ, झाकण पुरतं उघडेना. डायव्हर मॅगेनिस श्वास सोडून, अंग चोरून त्या फटीतून बाहेर गेला. जहाजाच्या तळावर शिंपल्यांचा थर, चुंबकी सुरुंग चिकटेनात. त्याने जागा खरवडून सहा सुरुंग लावले आणि जोडीजोडीने दोरीने बांधले. परत आल्यावर सुरुंग वाहून नेणारी बोटीच्या अंगाची एक पेटी सुटेना, तेव्हा तो पाना घेऊन पुन्हा बाहेर गेला.

चित्रात आतलं झाकण खलाशांच्या बाजूला उघडताना दाखवलं असेल तर ते उलटं करा. आणि कोठडीला जोडलेली टाकी तिच्याइतक्याच घनफळाची काढा, नाहीतर पाणी येणार कुठून?